आमवातातील रक्तक्षय आणि जैव औषधे

रक्तक्षय हा शब्द आपल्याकडे इतका परिचित आहे की, तो कानी पडताच उपायही ठरून गेलेला असतो: पालेभाजी, गूळ-शेंगदाणे आणि लोहाच्या गोळ्या. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ५४ टक्के, तर हरियाणात सुमारे ६० टक्के होते. अशा देशात फिकट चेहऱ्याची स्त्री समोर आली म्हणजे डॉक्टर लोह लिहून देतात, आणि बहुतेक वेळा त्यांचे चुकतही नाही. या व्याख्यानाचा विषय, ज्यांच्या बाबतीत हा सरळ हिशेब जुळत नाही, अशा रुग्णांचा आहे.

हरियाणातील मानेसर ही दिल्लीजवळची मोठी औद्योगिक वसाहत होय. मोटारी आणि त्यांचे सुटे भाग तेथे तयार होतात. यंत्रे कितीही आली तरी जुळणीचे पुष्कळसे काम अखेर माणसाच्या बोटांवरच येते. आमवात, म्हणजे वैद्यकाच्या परिभाषेत संधिवाताभ संधिशोथ, हा रोग नेमका हाताच्या लहान सांध्यांना धरतो. सकाळी उठल्यावर तासभर किंवा अधिक वेळ बोटे आखडलेली असतात. पहिल्या पाळीच्या कामगाराला ती वेळ परवडणारी नसते. त्यातच दम लागतो, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येते. ‘पाळीचा शीण’ म्हणून रुग्ण त्याकडे दुर्लक्ष करतो. घरकाम करणाऱ्या स्त्रीला तर शीण हे कारणही सांगावे लागत नाही. हा रोग स्त्रियांत पुरुषांच्या दुपटी-तिपटीने आढळतो, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

तो दुर्मिळ आहे, असाही समज नसावा. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांध्यांच्या विकारांची पाहणी सुरू केली. प्रौढांमध्ये आमवाताचे प्रमाण दर हजारी पाचच्या आसपास निघाले. हा आकडा लहान वाटतो. देशाच्या लोकसंख्येशी गुणला म्हणजे त्याचा आवाका कळतो. या रुग्णांपैकी निदान एक-तृतीयांश जणांना केव्हा ना केव्हा रक्तक्षय होतो.

तो का होतो? निरोगी माणसाच्या शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असते. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. जीर्ण झालेल्या पेशी प्लीहेतील व यकृतातील भक्षक पेशी गिळतात आणि त्यांतील लोह पुन्हा रक्तात सोडतात. अस्थिमज्जेला रोज लागणारे वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह मुख्यतः या परतफेडीतूनच येते. अन्नातून शोषले जाते ते अवघे एक ते दोन मिलिग्रॅम. म्हणजे हा सारा व्यवहार जुन्या भांडवलावर चालतो आणि ते भांडवल अडले की सारेच अडते.

आमवातात नेमके हेच घडते. सांध्यांतील शोथामुळे इंटरल्यूकिन-६ नावाचे प्रथिन रक्तात वाढते. त्याच्या प्रभावाने यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक अधिक प्रमाणात तयार करते. हेप्सिडिनचा शोध २००० सालच्या सुमारास लागला, आणि पूर्वी कोड्यासारख्या वाटणाऱ्या अनेक गोष्टींचा उलगडा झाला. निरोगी स्वयंसेवकांना इंटरल्यूकिन-६ टोचले असता काही तासांतच हेप्सिडिन वाढते आणि रक्तातील लोह घटते, असे २००४ साली दाखविण्यात आले. हे संप्रेरक भक्षक पेशींच्या आणि आतड्याच्या पेशींच्या लोह बाहेर सोडणाऱ्या दारांनाच कुलूप घालते. पेव धान्याने भरलेले, आणि घरात मात्र उपास, अशी ही स्थिती होय. शिवाय ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर (टीएनएफ) या दुसऱ्या प्रथिनामुळे अस्थिमज्जेचे कामही मंदावते. अशा रुग्णाने गिळलेली लोहाची गोळी बहुतांशी आतड्यातूनच परत जाते. पदरी पडते ती मळमळ आणि बद्धकोष्ठता.

परंतु आमवाताच्या रुग्णाला साधी लोहन्यूनता होतच नाही, असेही नव्हे. वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरातून थेंबथेंब रक्त जात असते. तेव्हा दोन्ही कारणे एकाच देहात नांदू शकतात. फेरिटिनची तपासणी येथे चकवा देते, कारण शोथामुळे फेरिटिन आपोआप वाढते. निरोगी माणसात ते ३० च्या खाली गेले म्हणजे लोहाचा साठा संपल्याचे मानतात. शोथ असताना १०० पर्यंतच्या आकड्यावरही पूर्ण विश्वास ठेवता येत नाही. ट्रान्सफेरिनची संपृक्तता सोबत पाहावी लागते. केवळ हीमोग्लोबिनवर निर्णय घेण्याची रीत म्हणूनच अपुरी आहे.

तिसरेही एक कारण आहे, आणि त्याचा धागा मुंबईशी जुळतो. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज संशोधिका मुंबईत आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांचा तीव्र रक्तक्षय तिने अभ्यासला, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. आमवातावरील पहिल्या पसंतीचे औषध, मेथोट्रेक्सेट, हे या फॉलिक आम्लाचेच विरोधक आहे. म्हणून त्याच्याबरोबर फॉलिक आम्ल देतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चिठ्ठी नीट न वाचल्याने कोणी ते रोज घेतले, तर अस्थिमज्जा कोलमडून प्राणावर बेतते. हे वारंवार सांगूनही पुरेसे होत नाही.

मूळ शोथ आटोक्यात आला म्हणजे रक्तक्षयही उतरतो, हे या उपचारामागील तत्त्व होय. मेथोट्रेक्सेटने ते न साधल्यास जैव औषधांचा विचार होतो. ही औषधे जिवंत पेशींमध्ये तयार केलेली प्रथिने असून एखाद्या ठराविक रेणूलाच ती अडवितात. टीएनएफला रोखणारी औषधे १९९८ पासून आमवातासाठी उपलब्ध झाली. त्यांच्या चाचण्यांत रक्तक्षयी रुग्णांचे हीमोग्लोबिनही वाढलेले दिसले. इंटरल्यूकिन-६ वरील पायाभूत संशोधन जपानमधील ओसाका येथे तादामित्सु किशिमोतो यांनी केले. त्यातून निघालेले टोसिलिझुमॅब २००८ साली जपानमध्ये आमवातासाठी मान्य झाले. ते इंटरल्यूकिन-६ चा मार्गच अडवीत असल्याने हेप्सिडिन उतरते आणि कोंडलेले लोह मोकळे होते. हीमोग्लोबिनच्या बाबतीत त्याला झुकते माप द्यावे, असे तुलनात्मक अभ्यासांवरून दिसते. तथापि केवळ रक्तक्षयासाठी हे औषध देणे योग्य नव्हे. सांधे शांत असतील तर रक्तक्षयाचे कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

धोकेही कमी नाहीत. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक-चतुर्थांश भारतात आहेत. शरीरात निद्रिस्त असलेला क्षय टीएनएफरोधक औषधांनी जागा होऊ शकतो. म्हणून छातीचे क्ष-किरण चित्र आणि सुप्त क्षयाची तपासणी झाल्यावाचून पहिले इंजेक्शन देऊ नये. टोसिलिझुमॅबची अडचण निराळी: ताप आणि शोथाचे निदर्शक ते दाबून टाकते, त्यामुळे न्यूमोनियासारखा आजार उशिरा ध्यानात येतो. पोटात एकाएकी तीव्र वेदना झाल्यास आतड्याला छिद्र पडल्याची शंका घ्यावी लागते.

उरतो किमतीचा प्रश्न. २०१४ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीने ॲडॅलिमुमॅबची जैवसदृश आवृत्ती बाजारात आणली, आणि मूळ औषधाच्या परदेशी किमतीच्या मानाने ती पुष्कळच स्वस्त होती. तरीही महिन्यामागून महिने घ्यावयाचे औषध सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात येते असे म्हणता येत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडच्या लाटेत टोसिलिझुमॅबचा देशभर तुटवडा पडला, तेव्हा आमवाताच्या जुन्या रुग्णांचीही पंचाईत झाली. विमा नसलेले अनेक रुग्ण दोन-चार मात्रा घेऊन उपचार थांबवितात. सांधे पुन्हा सुजतात, आणि त्यांच्यापाठोपाठ हीमोग्लोबिनही पूर्वीच्या आकड्याकडे घसरू लागते. अशा रुग्णाला जैव औषध सुरू करण्यापूर्वीच किती महिन्यांची तरतूद आहे, हे विचारून घ्यावे, आणि ती नसल्यास मेथोट्रेक्सेटची मात्रा, फॉलिक आम्ल, वेदनाशामकांचा वापर व जठरातील रक्तस्राव यांचीच पुन्हा एकदा कसून तपासणी करावी.