छिद्रधारी छत्रकांची ओळख
(सक्करदरा येथील पावसाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पावसाळ्यात आपल्या विदर्भाच्या बाजारांत जे टेकोडे येतात, त्यांतील वारुळावरच्या सात्या ओळखण्यास विद्वत्तेची गरज पडत नाही. परंतु ज्याच्या छत्रीखाली पातळ पडद्यांऐवजी सूक्ष्म छिद्रांचा मऊ थर असतो, ते बोलीट नावाचे मांसल छत्रक कोणी समोर आणून ठेवले, तर त्याचे नाव एका दृष्टिक्षेपात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवण्याची घाई आपण करू नये.

लिनियसने 1753 साली बोलेटस हे खाते उघडले, तेव्हा लाकडावरच्या कठीण कवकांसह छिद्रे असलेली बहुतेक मंडळी त्याने तेथे जमा केली. 1821 साली फ्रीस या स्वीडिश पंडिताने त्यांतील मांसल तेवढी राखली. आणि डीएनएची तपासणी सुरू झाल्यापासून तर अशी फेरवाटणी झाली आहे, की ज्याला ना छत्री ना देठ, तो बस्तरच्या सालवनांत जमीन उकरून काढला जाणारा बोडाही आज बोलीटांच्याच गणात दाखल आहे.

कापताच निळे पडते ते विषारी, असा एक समज आहे. वस्तुतः ते निळेपण म्हणजे व्हॅरिएगॅटिक आम्लासारख्या द्रव्यांचा प्राणवायूशी झालेला संयोग होय, विषाचा दाखला नव्हे. युनान प्रांतात लागवड करून आवडीने खाल्ला जाणारा फ्लेबोपसही कापल्यावर निळसर होतो, आणि निळे न पडणारी सारीच निर्धोक असतात असेही नाही.

माझ्या मते या प्रकरणातील मुख्य साक्षीदार वृक्ष आहे. बहुतेक बोलीटे वृक्षाच्या कोवळ्या मुळांवर आपल्या तंतूंचे आवरण चढवितात, त्याला पाणी व स्फुरद पुरवितात आणि मोबदल्यात शर्करा घेतात. हे सख्य साल, ओक, चीड, निलगिरी यांच्याशी जुळते. आपल्या मुलखाचा मानकरी जो साग, त्याचे संधान मात्र छत्री न उगविणाऱ्या निराळ्याच कवकांशी असते. म्हणून निव्वळ सागवनात बोलीटांची अपेक्षा थोडी, बालाघाट-मंडल्याकडच्या सालवनांत अधिक. आणि नागपुरातील निलगिरीखाली एखादे आढळलेच, तर ते त्या वृक्षासोबत ऑस्ट्रेलियाहून आले काय, हे आधी तपासावे. युरोपीय ग्रंथातील चित्राशी साम्य दिसले एवढ्यावरून तिकडचे नाव देणे, म्हणजे चेहरेपट्टी पाहून सातबारा भलत्याच्या नावे चढविणे होय.

तेव्हा आपणांपैकी कोणास असे छत्रक सापडल्यास ते देठाच्या बुडासकट काढावे. छिद्रांचा रंग, कापल्यावरचा पालट आणि आसपासचे वृक्ष यांचा तपशील जागीच टिपावा. छत्री कागदावर रात्रभर उपडी ठेवून बीजाणूंचा रंग हिरवट तपकिरी उतरतो की गुलाबी, हे पाहावे. आणि नमुना मंद उष्णतेवर वाळवून एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे पोहोचवावा. खाऊन पाहण्याची परीक्षा मात्र कोणीही करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.