परसातल्या कोंबड्या आणि एक जुना शेरा

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा जमाखर्च खजिनदारांनी आत्ताच सांगितला. तो मी तपासलेला आहे, त्यामुळे त्यावर बोलत नाही. मला सचिवांनी निरोप पाठवला, 'काका, तुम्ही कोंबड्यांवर बोला.' हसू नका. आपल्या सभावृत्तांताच्या पुस्तकात पाण्याच्या टाकीखालोखाल सर्वांत जास्त वेळा आलेला विषय कोंबडी हाच आहे. मी पुस्तक घेऊन मोजलं. बँकेची सवय, दुसरं काय.

मी २०१० साली सेवानिवृत्त झालो. त्याच वर्षी दिवाळीनंतर आमच्या सौभाग्यवतींनी माहेरून येताना एका टोपलीत, वरून ओढणी बांधून, दोन तलंगा आणल्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. हे पोरांसाठी सांगतो. मी म्हटलं, आपण काय खेड्यात राहतो का? त्या म्हणाल्या, 'बार्शीटाकळी काय मुंबई आहे का?' यावर उत्तर नव्हतं. दोनाच्या सहा झाल्या, सहाच्या चौदा झाल्या.

पहिलं खुराडं मी जुन्या खिडकीच्या झडपांचं केलं, समोर कोंबडीजाळी लावली. दिसायला झकास. आठव्या दिवशी मुंगसानं जाळीखालून माती उकरली आणि तीन कोंबड्या मारल्या. खाल्ल्या नाहीत, नुसत्या मारून टाकल्या. मग बारीक चौकोनाची वेल्डमेश आणली, हातभर खाली जमिनीत पुरली, वर पत्रा टाकला, पत्र्याखाली हवा खेळायला वीतभर जागा सोडली. दमट बंदिस्त खुराड्यात कोंबडीला श्वासाचा त्रास होतो, थंडीपेक्षा तो वाईट. खाली भाताचं तूस. आठवड्यातून एकदा ते खालीवर करायचं, ओलं झालं की बदलायचं. वास येतो तो ओल्या तुसाचा. कोंबडी तशी नाकानं गरीब शेजारीण आहे, हे मी आमसभेत लेखी दिलेलं आहे.

खाण्याचं म्हणाल तर आपल्या भागात चिंता नाही. ज्वारी, तांदळाची कणी, अकोल्याच्या डाळमिलची तुरीची चुनी, घरातली भाजीची देठं. कवच मजबूत व्हायला शिंपल्याचा चुरा. तो नसला तर त्यांच्याच अंड्यांची टरफलं भाजून बारीक कुटून. एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. गाईसाठी आणलेली सरकीची ढेप स्वस्त पडते म्हणून कोंबड्यांना घातली. थोड्याच दिवसांत अंड्यातला बलक हिरवट निघायला लागला. सरकीतल्या एका द्रव्यानं तसं होतं. आणि बुरशी धरलेला मका, शेंगदाणा, सोयाबीन कधीही घालू नका. माणसानं टाकून दिलेलं कोंबडीनं खावं हे खरं, पण त्यालाही हद्द आहे.

उन्हाळा ही आपली खरी परीक्षा. अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा कोंबडी चोच उघडून, पंख पसरून धापा टाकते. तिला घाम येत नाही बिचारीला. धाप लागली की अंड्याचं कवच पातळ होतं, अंडी कमी होतात. दुपारी ओलं तरट जाळीवर टाकायचं, मातीच्या पसरट भांड्यात दोनदा गार पाणी भरायचं, दाणा सकाळी लवकर आणि संध्याकाळी द्यायचा. भर दुपारी पोटभर खाल्लेली कोंबडी उन्हानं आधी जाते.

आता कोंबड्याचं प्रकरण. २०११ च्या वार्षिक सभेत तक्रार आली की पहाटे साडेतीनला बांग होते. तक्रार रास्त होती. आमच्या शेजारच्या काकूंचा नातू बारावीला होता. काही सदस्य म्हणाले, कोंबडा काढला तर अंडी कशी मिळतील? अंड्याला कोंबडा लागत नाही, तो पिल्लाला लागतो, हे पदवीधरांनी भरलेल्या त्या सभेत मला समजावून सांगावं लागलं. कोंबडा गावी पोचवला. तेव्हापासून फक्त कोंबड्या ठेवायच्या असा ठराव आहे, आणि तो आजवर पाळला गेला आहे.

पण कोंबडी खुडूक बसली की काय करायचं? तिला अंडं असो-नसो, बसायचंच असतं. मग बाहेरून फळती अंडी आणून दहा-बारा तिच्याखाली ठेवायची. एकवीस दिवस ती उठते ती दिवसातून एकदा, चार दाणे, पाणी आणि लगेच परत. सातव्या दिवशी रात्री अंधारात अंड्याखाली बॅटरी धरायची. आत कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या की जीव धरला. सोसायटीतली सगळी पोरं त्या रात्री आमच्या परसात असायची. आज त्यातले दोघं पुण्यात नोकरीला आहेत, फोन केला की आधी कोंबड्यांचं विचारतात.

इथपर्यंत मौजेचं झालं. आता जे सांगतो ते मी बरीच वर्षं कुणाला बोललो नाही.

२०१३ च्या पावसाळ्यात आठवडी बाजारातून दोन कोंबड्या आणल्या आणि सरळ आमच्या कळपात सोडल्या. नवीन जनावर दोन-तीन आठवडे वेगळं ठेवावं हे मला माहीत नव्हतं. चार-पाच दिवसांनी एक कोंबडी कोपऱ्यात पिसं फुगवून बसली. हिरवट-पांढरी हगवण, घशात घरघर. दुसऱ्या दिवशी तिची मान उलटी वळली, चालताना ती गोल गोल फिरायला लागली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चौदाच्या चौदा, आणि त्या दोन नव्याही, गेल्या. मेलेली एक पिशवीत घालून मी मोटारसायकलवर अकोल्याला, स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत नेली. रानीखेत म्हणाले. आपल्याकडे मानमोडी म्हणतात तो. कुमाऊंमधल्या रानीखेतला १९२० च्या दशकात हा रोग ओळखला गेला म्हणून ते नाव, बाहेरच्या देशात त्याला न्यूकॅसल म्हणतात. त्याला औषध नाही, फक्त लस आहे. ती मी दिली नव्हती.

संध्याकाळी खड्डा केला, चुना टाकून पुरल्या. सौभाग्यवती जेवल्या नाहीत. मी हात धुवायला नळावर गेलो आणि तिथंच उभा राहिलो. मला एक बाई आठवली.

१९८० पासून देशभर एकात्मिक ग्रामीण विकास योजना होती. वयस्कर मंडळींना आठवत असेल. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन, कोंबड्या यासाठी बँकेचं कर्ज आणि वर सरकारचं अनुदान. अल्पभूधारकाला पाव हिस्सा, अत्यल्पभूधारक आणि मजुराला एक-तृतीयांश, अनुसूचित जमातीला निम्मं. मी तेव्हा फील्ड ऑफिसर होतो. पिंजरकडच्या एका खेड्यातल्या मजूर बाईला मी कोंबड्यांचं युनिट मंजूर केलं. सात-आठ महिन्यांनी पडताळणीला गेलो तर खुराडं रिकामं. ती म्हणाली, 'साहेब, कोंबड्या मेल्या जी. माना वाकड्या करू करू साऱ्याच्या साऱ्या गेल्या.' मी म्हटलं, मेल्याचा पशुवैद्यकाचा दाखला आणा. दाखला कुठून आणणार? कोंबड्या पुरून महिना झाला होता, दवाखाना लांब. आणि खरं सांगायचं तर मला ते पटलंही नव्हतं. सगळ्या कोंबड्या तीन दिवसांत मरतात का कधी? मी फॉर्मवर शेरा मारला: 'मालमत्ता अस्तित्वात नाही. परस्पर विक्री केल्याचे दिसते.' फॉर्मात 'आहे' आणि 'नाही' असे दोन रकाने होते. 'कशानं' असा रकाना नव्हता, पण तो मला हातानं लिहिता आला असता.

मग १९९० ची कर्जमाफी आली, दहा हजारांपर्यंतची. तिचं देणं दीड हजाराच्या आसपास, सहज बसलं असतं. पण त्या योजनेत हेतुपुरस्सर थकबाकीदारांना माफी नव्हती. यादी जुन्या शेऱ्यांवरून तयार झाली. ती मीच केली. तिचं नाव वगळलं गेलं. पुढे तिनं शेळ्या विकल्या, हातातले चांदीचे गोट मोडले आणि व्याजासकट पैसे भरले. पावतीवर सही माझी आहे. तेव्हा मला समाधान वाटलं होतं. वसुली झाली.

माझ्या चौदा कोंबड्या पुरल्यानंतर दोन महिन्यांनी मी त्या गावाला गेलो. बाई होती, सत्तरीच्या पुढची. ओसरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. परसात सात-आठ गावरान कोंबड्या फिरत होत्या. मी ओळख सांगितली. तिनं मला आधीच ओळखलं होतं. मी म्हटलं, 'मावशी, माझ्या कोंबड्या मेल्या. तीन दिवसांत साऱ्या. तुम्ही तेव्हा खरं बोलत होता.' ती सोलता सोलता म्हणाली, 'खरंच बोलत होती मी. तुमी इचारलंच नाई का कायनं मेल्या.' रागानं नाही म्हणाली. मी शेऱ्याचं सांगितलं, यादीचं सांगितलं. तिला माहीत होतं. गोट कुणाला विकले तेही तिनं सांगितलं आणि भाव काय आला तोही.

निघताना मी फळती अंडी मागितली. तिनं बारा दिली, चिंधीत एकेक गुंडाळून. पैसे किती विचारलं तर सांगितले, मोजून घेतले, दोन रुपये सुटे परत केले. आज आमच्या परसात ज्या कोंबड्या आहेत त्या त्या बारा अंड्यांपैकी निघालेल्या नऊ पिल्लांच्या वंशातल्या आहेत.

आता मुद्द्यावर येतो. लस का दिली जात नाही? मी आळशी नव्हतो आणि ती बाईही नव्हती. लासोटा घ्या, आर-टू-बी घ्या, एक कुपी साधारण शंभर मात्रांची येते. ती थंड ठेवावी लागते, बर्फाच्या डब्यातून आणावी लागते, आणि एकदा पातळ केली की तास-दोन तासांत संपवावी लागते. मग उरलेली फेकायची. सात कोंबड्यांसाठी कोण बर्फाचा डबा घेऊन धावेल? पैसा फार नाही लागत, अडतं ते सगळ्यांनी एकाच सकाळी एकत्र येण्यात. आणि सोसायटी काढतात ती असल्याच कामासाठी ना?

२०१४ मध्ये मी सभेत हा विषय ठेवला. आपल्यातली पाच घरं आणि मागच्या वस्तीतली बावीस घरं मिळून कोंबड्या भरल्या एकशे तीस. वस्तीला बोलवायला काहींचा विरोध होता, तोही वृत्तांतात आहे. पण रोग कुंपण पाहत नाही. वस्तीतली कोंबडी आजारी पडली तर आपली वाचत नाही, हे गणित शेवटी पटलं. आठवड्याच्या पिल्लाला डोळ्यात लासोटाचा एक थेंब, आठव्या आठवड्यात पंखाखाली आर-टू-बीची सुई. मोठ्या कोंबड्यांना वर्षातून एकदा. आजारी दिसेल ती त्या दिवशी वगळायची. दवाखान्यातून लस आणायचं आणि बर्फाचं काम माझ्याकडे, टोचायला पशुधन पर्यवेक्षक येतात, वही आमच्या सूनबाई ठेवतात. तेव्हापासून मानमोडी आपल्याकडे एकदाही आली नाही. शेजारच्या गावात दोनदा आली.

२०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला तेव्हाचे दिवस आठवा. करोना चालूच होता, त्यात हे. सोसायटीच्या ग्रुपवर रात्री अकराला मेसेज आला, 'काकांच्या कोंबड्या उद्याच्या उद्या काढा.' मी रागावलो नाही. २००६ मध्ये नवापूरला काय झालं ते मी वाचलं होतं, लाखो पक्षी मारावे लागले होते. पण बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतल्या मारतात, दीडशे किलोमीटरवरच्या नाही. मी महिनाभर कोंबड्या जाळीच्या आत ठेवल्या, पाण्याची भांडी झाकली म्हणजे बगळे-कावळे येणार नाहीत, आणि रोज संध्याकाळी ग्रुपवर कोंबड्यांची संख्या टाकली. अकरा. अकरा. अकरा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्यावर अंगठे यायला लागले. ज्यांनी पहिला मेसेज टाकला होता ते महाशय आज वस्तीसाठी बर्फाचा डबा स्वतःच्या गाडीतून आणतात. समोरच बसले आहेत, नाव घेत नाही.

त्या मावशी दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या सुनेनं फोन करून कळवलं, आणि विचारलं की आमच्या गावात लसीचं असं काही करता येईल का. करता आलं. आता दोन ठिकाणी होतं.

तर पुढचं लसीकरण उन्हाळा लागायच्या आत, फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेसहाला, मंदिरासमोरच्या ओट्यावर. ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत त्यांनी आजच सूनबाईंकडे संख्या सांगावी, म्हणजे कुप्या किती आणायच्या ते ठरेल. आणि आदल्या रात्रीच डालीखाली झाकून ठेवा बाप्पा. मागच्या वेळी तीन कोंबड्या पकडण्यात पाऊण तास गेला आणि त्यातली एक माझीच होती.