डॅशबोर्डवरचा लाल दिवा

(रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याला एका सभासदाने आपल्या माहितीच्या विषयावर बोलायचे असे ठरले होते. त्यातील एका भाषणाचा हा मजकूर, थोडा आवरून.)



सेक्रेटरीसाहेबांनी मला ठेवींवरचे व्याज आणि ज्येष्ठ नागरिक यावर बोला, असे सुचवले होते. ते तुम्ही रोज पेपरात वाचता आणि लिफ्टमध्ये मला ऐकवताही. म्हणून मी विषय बदलून मागितला. आपल्या पार्किंगमध्ये डिझेलच्या गाड्या अजून बऱ्याच आहेत. त्यांच्या डॅशबोर्डवर एक छोटा लाल दिवा असतो. आजींच्या शिलाई मशीनला तेल घालायची चोचीची कुपी असायची ना, तसं चित्र, आणि चोचीतून पडणारा एक थेंब. आज एवढ्या एका दिव्याबद्दल बोलणार आहे.

बँकवाल्याला यातलं काय कळतं, असं कुणाच्या मनात येईल. तर नोकरीची काही वर्षं मी वाहनकर्जाच्या टेबलावर काढली. जीपवाले, टेम्पोवाले, टॅक्सीवाले. हप्ते थकले की चौकशीला जायचं. दारात गाडी उभी, खाली विटा लावलेल्या, आणि मालक सांगायचा, "साहेब, धंदा बसला." थोडं खोदून विचारलं की कळायचं, आधी इंजिन बसलं, मग धंदा. आणि इंजिन कसं बसलं? "दिवा लागला होता, पण घर आलंच होतं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते कर्जाच्या फॉर्मवर छापून घ्यावं असं वाटायचं. मेकॅनिकांच्या बाकड्यावर बसून चहा पीत जे शिकलो ते हे.

आता मुद्द्यावर. बहुतेकांचा समज असा, की तो लाल दिवा म्हणजे तेल कमी झालं. पेट्रोलचा काटा खाली आला की जसं "उद्या भरू" म्हणतो तसंच हे. तसं नाही. लाल कुपी तेलाचं प्रेशर सांगते. आपल्या बिल्डिंगचंच उदाहरण घ्या. खालच्या टाकीत पाणी किती आहे हा एक प्रश्न, आणि पंप ते वरच्या मजल्यावर चढवतोय का हा दुसरा. टाकी भरलेली असून पंप बंद पडला तर सातव्या मजल्यावर नळ कोरडे. टाकी तळाला गेली की पंप हवा धरतो, तरी नळ कोरडेच. लाल दिवा एवढंच सांगतो की नळाला पाणी नाही. का नाही, ते त्याला ठाऊक नाही.

इंजिनाच्या खाली जे चेंबर असतं ती टाकी. छोट्या डिझेल गाडीत त्यात साधारण तीन-साडेतीन लिटर तेल मावतं. पंप ते उचलून क्रँकच्या बेअरिंगला, वर कॅमला आणि टर्बोला पाठवतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यात केसापेक्षा कमी फट असते आणि त्या फटीत तेलाचा पापुद्रा असतो, त्यावर क्रँक तरंगत फिरतो. डिझेल इंजिनात हवा दाबूनच ती इतकी तापवतात की डिझेल आपोआप पेटतं, ठिणगी लागत नाही. त्यामुळे पिस्टनचा दणका पेट्रोलपेक्षा भारी, आणि तो सगळा त्या पापुद्र्यावर. टर्बोचा दांडा तर मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही तेलावरच. पापुद्रा गेला की लोखंडाला लोखंड घासतं. मग किती वेळ मिळतो? कधी काही मिनिटं, कधी तेवढीही नाही. "पुढच्या पंपापर्यंत" हे अंतर त्या हिशेबात बसत नाही.

काही गाड्यांत पिवळी कुपीही असते, खाली लाटेसारखी रेघ. ती पातळीची. ती लागली तर सोयीची जागा बघून थांबा, तेल तपासा, घाला. पिवळी म्हणजे हप्त्याची आठवण. लाल म्हणजे जप्तीची नोटीस.

माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं सांगतो. बहिणीच्या नातीचं लग्न साताऱ्याला, मुहूर्त दुपारी साडेबाराचा. गाडी पुतण्या चालवत होता, मी पुढे, मागे आमची ही आणि वहिनी. चारच दिवस आधी गाडीचं सर्व्हिसिंग झालेलं. सकाळी निघताना मी डिपस्टिक बघितली होती, तेल बरोबर वरच्या खुणेला. खंबाटकी घाट चढताना एका वळणावर लाल कुपी लुकलुकली आणि विझली. पुढच्या वळणावर परत.

पुतण्या म्हणाला, "काका, नुसता लुकलुकतोय. वळणावरच लागतो. साताऱ्यात जाऊन बघू."

आता वळणावरच का लागतो? चेंबरमध्ये तेल इतकं कमी झालं की वळणावर ते एका बाजूला जातं आणि पंपाचं तोंड उघडं पडतं. म्हणजे लुकलुकणं ही सौम्य तक्रार मुळीच नव्हे. मी म्हटलं, "डावीकडे घे, थांब आणि बंद कर." मागून ही म्हणाली, "अहो, मुहूर्त चुकेल." मी म्हटलं, "चुकू दे." त्यानंतर गाडीत जी शांतता पसरली ती मी इथे वर्णन करत नाही.

खाली उतरलो तर मागे रस्त्यावर तेलाची काळी रेघ आलेली. ऑइल फिल्टरच्या झाकणाची रबरी रिंग बसवताना चिमटली होती. गावात हळू चालवताना ती धरून राहिली, हायवेवर प्रेशर वाढलं तशी सुटली. गॅरेज कुठलं ते सोडून द्या. मागून आमच्याच पाहुण्यांची गाडी येत होती, त्यात दोघींना बसवून दिलं. आम्ही दोघे ट्रकांचा धूर खात उभे. शिरवळकडून मेकॅनिक आला, रिंग बदलली, तेल भरलं. स्टार्ट केल्यावर दोन सेकंदांत दिवा विझला आणि इंजिनात खडखड नाही. अक्षता हुकल्या, शेवटची पंगत मिळाली. तीच गाडी पुतण्याने पुढे सहा वर्षं चालवली. मात्र मुहूर्ताचा विषय आमच्याकडे अजून निघतो.

तेव्हा लाल दिवा लागला तर करायचं काय? पाय अॅक्सिलरेटरवरून काढा, इंडिकेटर देऊन डावीकडे या. चालत्या गाडीत इंजिन बंद करून किल्ली काढू नका. स्टिअरिंग लॉक होईल, आणि इंजिन बंद असताना ब्रेकही दोन-तीन वेळा दाबला की कडक होतो. गाडी सुरक्षित उभी राहिली की त्याच क्षणी इंजिन बंद. टर्बोची गाडी लांबून आली की अर्धा-एक मिनिट आयडलवर ठेवून मग बंद करावी, ही सवय चांगली आहे. मीही ती पाळतो. पण लाल कुपी लागलेली असताना ती विसरा. टर्बोला तेल पोचतच नाही, तर थंड कशाने होणार? हायवेवर असाल तर सगळ्यांना उतरवून रस्त्याच्या कडेच्या पत्र्यापलीकडे उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीचा नंबर १०३३.

मग पाच-दहा मिनिटं थांबून, गाडी सपाटीवर असेल तर डिपस्टिक काढा, चिंधीने पुसा, पूर्ण खाली घाला, परत काढा. तेल खालच्या खुणेच्या खाली असेल आणि गाडीखाली धार लागलेली नसेल, तर मॅन्युअलमधल्या ग्रेडचं तेल पाव-पाव लिटर घालत खुणांच्या मध्ये आणा. स्टार्ट करा. दोन-चार सेकंदांत दिवा विझला नाही तर लगेच बंद. आणि तेल पुरेसं असूनही लाल दिवा लागला असेल, तर स्टार्ट करूच नका, टो करून न्या. पंप, जाळी, बेअरिंग किंवा नुसतं प्रेशर स्विच, काहीही असू शकतं. "स्विचच खराब असेल" हे मेकॅनिकने गेज लावून बघितल्यावर म्हणावं, आपण रस्त्यावर नाही.

तेल काळं दिसलं म्हणून घाबरू नका. डिझेलमध्ये काजळी असते, नवं तेलही थोड्या दिवसांत काळं होतं. आणि जास्त घालून ठेवू नका. आपल्याकडे पाहुण्यांना आग्रह करायची पद्धत आहे, ती इंजिनाला लावायची नाही. जास्त तेल क्रँकने घुसळलं की फेस होतो, आणि फेसाला प्रेशर नसतं. शिवाय ते वाफेच्या नळीतून हवेच्या वाटेने इंजिनात शिरलं, तर डिझेल इंजिन त्या तेलावरच पळायला लागतं आणि किल्ली फिरवली तरी बंद होत नाही.

एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी एक वेगळी गोष्ट बघावी. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारा फिल्टर असतो. तो साफ करायला गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल सोडून काजळी जाळते. भाजी मंडई, मुलांची शाळा, परत घर एवढंच फिरणं असलं, तर हे काम अर्धवट राहतं आणि थोडं डिझेल चेंबरमधल्या तेलात उतरतं. मग डिपस्टिकवर पातळी कमी होण्याऐवजी वाढते. "वा, तेल अजिबात खात नाही" म्हणून खूश होऊ नका. वास घ्या. डिझेलचा वास आला आणि पातळी वरच्या खुणेच्या वर असली तर तेल बदला.

विम्याचं दोन वाक्यांत सांगतो, कारण ते माझ्या जुन्या टेबलाचं आहे. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरत नाहीत. दगड लागून चेंबर फुटलं तर ते अपघातात येईल, पण दिवा लागूनही गाडी पुढे नेली आणि इंजिन जाम झालं, तर कंपनी म्हणते हे नुकसान तुम्ही ओढवून घेतलं. इंजिनासाठी वेगळं कव्हर मिळतं. त्याच्याही अटी वाचून सही करा. झाली ही चार वाक्यं, पण सवय जात नाही.

बोलणं संपल्यावर चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "भाऊ, माझ्या गाडीत दिवा फक्त सिग्नलला थांबल्यावर लागतो, रेस केली की जातो. म्हणजे काही नाही ना?" प्रश्न फार चांगला होता. इंजिन तापलं की तेल पातळ होतं आणि आयडलवर पंप हळू फिरतो, म्हणून प्रेशर तिथेच आधी पडतं. रेस केल्यावर दिवा गेला, पण दुखणं आहेच: तेल जुनं असेल, चुकीच्या ग्रेडचं असेल, त्यात डिझेल उतरलं असेल, नाहीतर बेअरिंग झिजली असतील. त्यांना म्हटलं, गाडी आता खालीच राहू द्या, उद्या मेकॅनिकलाच इथे बोलावू. दुसऱ्या दिवशी तो आला, स्विच काढून त्या जागी गेज लावला. स्विच ठीक होता, प्रेशरच कमी होतं. तेल आणि फिल्टर बदलल्यावर काटा वर आला. महिनाभराने पुन्हा गेज लावायचं ठरलंय. ज्यांना डिपस्टिक कशी बघायची ते पाहायचं असेल, त्यांनी रविवारी सकाळी आठला, गाडी सुरू करण्यापूर्वी, बी विंगच्या पार्किंगमध्ये यावं. येताना एक जुनी चिंधी आणा.