गर्भिणीचे मन आणि बालकाचे वजन



गर्भिणीची शुश्रूषा कशी असावी हे सांगताना चरकसंहितेच्या शारीरस्थानात एक मार्मिक दृष्टांत आला आहे. काठोकाठ भरलेल्या तैलपात्राप्रमाणे, किंचितही क्षोभ होऊ न देता, तिची सेवा व्हावी, असा त्याचा आशय आहे. या वाक्याच्या रचनेकडे लक्ष दिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. क्षोभ होऊ न देण्याचे कर्तव्य येथे सेवा करणाराला सांगितले आहे, गर्भिणीला नव्हे. पात्रातील तेल हिंदकळले तर दोष पात्राकडे जात नाही. ते वाहून नेणाराकडे जातो.

अर्वाचीन संशोधनही निराळ्या वाटेने याच ठिकाणी येऊन पोहोचले आहे. कॅनडा देशाच्या क्वेबेक प्रांतात जानेवारी १९९८ मध्ये कित्येक दिवस गोठणारा पाऊस पडला. बर्फाच्या भाराने विजेच्या तारा व मनोरे कोसळले. तीस लाखांहून अधिक लोक ऐन कडाक्याच्या थंडीत विजेवाचून राहिले. काही घरांत तर महिन्याहून अधिक काळ दिवा लागला नाही. हे संकट गरीब-श्रीमंत वा धीट-भित्रा असा भेद न करता कोसळले होते. म्हणूनच एरवी दारिद्र्य, स्वभाव आणि ताण यांची जी सरमिसळ होते, ती येथे बरीचशी टळली.

डॉ. सुझन किंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वेळी गर्भवती असलेल्या स्त्रियांची विचारपूस करून दोन नोंदी वेगवेगळ्या ठेवल्या. प्रत्यक्ष हाल किती झाले, ही एक. मनाला त्रास किती वाटला, ही दुसरी. पुढे त्यांची मुले साडेपाच वर्षांची झाल्यावर उंची व वजन तपासले. ज्या मातांचे प्रत्यक्ष हाल अधिक झाले, त्यांच्या मुलांत स्थूलतेचा संभव अधिक आढळला. हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

याची कारणमीमांसा अशी केली जाते. ताणाच्या प्रसंगी मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचा स्राव रक्तात उतरतो. वारेमध्ये असे एक द्रव्य असते की, ते या स्रावाचा बराचसा भाग निष्प्रभ करून गर्भाचे रक्षण करते. ताण तीव्र व दीर्घ असेल तर हा पहारा अपुरा पडतो, आणि भूक व मेदसंचय यांची घडण गर्भातच पालटत असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. तथापि संभव म्हणजे निश्चिती नव्हे. बालकाचे वजन पुढील आहार, खेळ, झोप व आनुवंशिकता यांवरही अवलंबून असते. कोणत्याही मातेने 'आपल्या चिंतेने मूल असे झाले' असा विषाद धरू नये. घरच्यांनी तर तसे तिला ऐकवूच नये.

आपल्याकडे डोहाळजेवणाची रीत आहे. ओटी भरावी, आवडीचे पदार्थ करावेत, हे योग्यच. परंतु एका दिवसाच्या कौतुकाने नऊ महिन्यांचा भार उतरत नाही. जड हंडे उचलणे, पहाटेपासून रात्रीपर्यंत न संपणारे काम, देण्याघेण्यावरून टोमणे, 'मुलगाच हवा' हा धोशा, ही सारी त्या तैलपात्राला बसणारे धक्केच होत. तिला 'आनंदी राहा' असा उपदेश करणे सोपे आहे. तिच्या हातातील हंडा आपण घेणे कठीण. क्वेबेकची साक्ष अशी की, मुलांच्या शरीरावर जो ठसा उमटला तो प्रत्यक्ष हालांचा होता. तेव्हा केवळ धीराच्या शब्दांनी भागत नाही, हाल कमी व्हावे लागतात. झोप उडाली, उदासी हटेना, अन्न गोड लागेना, तर विलंब न लावता वैद्यकीय सल्ला घ्यावा. त्यात लाज कसली?

सासू, पती, दीर, नणंद ही सर्व त्या पात्राचे वाहक आहेत. प्रत्येकाने आपले पाऊल सांभाळून टाकावे. जन्मास येणाऱ्या बालकाची पहिली सेवा ती हीच होय.

इति शम्.