केकचा क्लास परवडतो का?

(रेडिओवरील भाषण)



मी नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावात केक सजवायला शिकवते. पुण्याहून किंवा नाशिकहून फोन आला की ख्यालीखुशालीनंतरचा प्रश्न ठरलेला असतो. "एवढ्या महागाच्या देशात क्लास परवडतो का गं?" विचारणाऱ्यांपैकी काहीजणी स्वतः घरी क्लास घेतात, काहींना सुरू करायचाय. तेव्हा आज गुलाबाच्या पाकळ्यांकडे वळण्याआधी पैशांचं बोलते.

उदाहरणादाखल आकडे धरू. सहाजण, तीन तासांचा वर्ग, माणशी 60 युरो. जमले 360. या देशात केक विकला तर त्यावर 9 टक्के कर आहे आणि केक शिकवला तर 21 टक्के. तो कर काढून ठेवला की उरतात 297. घरच्या ओट्याशी सहाजण मावत नाहीत, म्हणून वस्तीतल्या समाजकेंद्राची खोली घ्यायची. चार तासांचं भाडं 100 धरू. लोणी, साखर, फाँडंट, रंग, बोर्ड आणि केक घरी न्यायचा खोका, हे सगळं माणशी 15 म्हणजे 90. हाती राहिले 107. तीन तासांना 107 म्हणजे बरेच की, असं कुणालाही वाटेल.

पण वर्ग तीन तासांचा कधीच नसतो. आदल्या दिवशी सहा छोटे स्पंज भाजायचे, पूर्ण गार होऊ द्यायचे आणि प्रत्येकाला क्रम कोट द्यायचा, म्हणजे शिकणाऱ्याच्या हातात चुरा न सुटणारा केक पडतो. बटरक्रीम तीन रंगांत कालवायचं, पिशव्या भरायच्या. त्याआधी खरेदी. वर्गाच्या दिवशी तासभर मांडामांड आणि नंतर तासभर धुणं. स्टार नोजलच्या दातांत बसलेलं लोणी कढत पाणी आणि बारीक ब्रश याशिवाय निघत नाही. अशी बेरीज केली की नऊ तास भरतात. 107 ला नऊने भागा. बारा युरोसुद्धा पडत नाहीत. 2025 च्या सुरुवातीला इथे कायद्याने ठरलेलं किमान वेतन तासाला 14 युरो 6 सेंट होतं. म्हणजे दुकानात फळीवर माल लावणाऱ्याला मिळतं त्याहून कमी.

वर्षाची उलाढाल 20 हजार युरोंच्या आत असेल तर छोट्या व्यावसायिकाला त्या 21 टक्के करातून सूट मागता येते. तेव्हा हाती थोडं अधिक राहतं. मात्र मग आपण खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही. मोठा मिक्सर किंवा ओव्हन घ्यायचा विचार असेल, तर आधी हे नीट तोलून बघावं.

मैत्रिणींनो, यातून मला कळकळीने सांगायचंय ते एवढंच की फी ठरवताना न दिसणारे तास मोजा. आपल्याकडे घरातल्या बाईचा वेळ कुठल्याच हिशेबात धरत नाहीत आणि तीच सवय आपण क्लासमध्ये घेऊन जातो. ओळखीचं कुणी आलं की फी अर्धी, शेजारीण आली की फुकट. हे मला पटत नाही. कमी फीच्या क्लासचा भुर्दंड त्याच गल्लीतल्या दुसऱ्या शिकवणारीवरही पडतो, कारण लोक तिच्याशी त्याच दराने घासाघीस करतात.

आणखी एक खर्च पैशांत मांडता येत नाही. परदेशात आपली कला नव्याने शिकावी लागते. आपल्याकडे बहुतेकजणी नॉन-डेअरी व्हिप क्रीमवर हात बसवतात. ते उन्हाळ्यातही तग धरतं, थोडं जास्त फेटलं तरी सांभाळून घेतं. इथे दुधाची साय, पस्तीस टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असलेली. भांडं थंड हवं, पाती थंड हवीत, आणि बीटरच्या रेषा ठळक दिसायला लागल्या की थांबायचं. त्यापुढे डोळ्यांदेखत ती दाणेदार होते आणि लोणी सुटतं. शिकवणारीला हे सरावाचं व्हावं लागतं, कारण तिची साय बिघडली तर वर्गाचा अर्धा तास जातो.

नियमही बदलतात. टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढऱ्या रंगाचा पदार्थ कितीतरी फाँडंटमध्ये आणि रंगांत असे. त्याचा सुरक्षितपणा सिद्ध करता येत नाही, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2021 मध्ये म्हटलं आणि 2022 मध्ये खाद्यपदार्थांत त्याच्यावर बंदी आली. बंदी योग्यच होती असं मला वाटतं. पण पांढरा रंग पहिल्यासारखा राहिला नाही, रंगांच्या बाटल्या फेकून नव्या घ्याव्या लागल्या. शिवाय ज्या पदार्थांची अ‍ॅलर्जी असते असे 14 प्रकार युरोपच्या कायद्याने ठरवून दिलेत. त्यांपैकी काय कशात आहे हे सांगता आलंच पाहिजे. गहू, अंडं, दूध आणि बदाम हे चारही एकट्या केकमध्ये येतात.

अंड्याचा प्रश्न तर रोजचा. हेगहून एक नंबरच्या ट्रामने काही सुरिनामी हिंदुस्तानी बायका येतात. 1873 पासून कंत्राटी मजूर म्हणून सुरिनामला गेलेल्यांच्या त्या वंशज. त्यांच्यातल्या काहींना पूजेच्या घरात बिनअंड्याचाच केक लागतो. रॉयल आयसिंग मुळात अंड्याच्या पांढऱ्या बलकावर उभं राहतं. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी अंड्याशिवायच्या रॉयल आयसिंगमध्ये मिलानच्या कॅथेड्रलची जवळपास 100 किलोची प्रतिकृती उभी केली, हे मी वर्गात अभिमानाने सांगते. एरवी छोल्यांचं शिजवलेलं पाणी घट्ट फेटूनही काम भागतं.

आता मिळकतीकडे येते.

डेल्फ्ट निळ्या नक्षीच्या भांड्यांचं गाव. 1653 मध्ये सुरू झालेला इथला कारखाना आजही चालू आहे. तिथले चित्रकार कागदावर नक्षीच्या रेषेवर बारीक भोकं पाडतात, तो कागद भांड्यावर धरतात आणि वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी हलकी आपटतात. आपला रांगोळीचा भोकांचा कागद जसा, अगदी तसा. मग कोबाल्टच्या काळ्या रंगाने रेषा भरतात. भट्टीत तो काळा रंग निळा होतो. फिकट-गडद छटा येतात त्या एकाच रंगात कमी-जास्त पाणी घालून. हीच पद्धत मी फाँडंटवर शिकवते. कोळशाऐवजी कोको पावडर, कोबाल्टऐवजी खायचा निळा रंग. इथे जन्मलेल्या डच बाईला तिच्याच गावची नक्षी माझ्याकडून शिकताना बघते, तेव्हा या गावात मला माझी जागा मिळाल्यासारखं वाटतं.

आणि शिकवण्यामुळे मला माझा हात कळला. एकदा वर्गात एक डावखुरी मुलगी आली. बटरक्रीमचा गुलाब करताना तिची प्रत्येक पाकळी घसरत होती. नोजल बरोबर होतं, 104 नंबरचं, रुंद बाजू खाली. बटरक्रीमही घट्ट होतं. मी तिच्या समोरून उठून शेजारी जाऊन बसले, तेव्हा दिसलं. ज्याच्यावर फूल घडवतात तो खिळा उजव्या हाताची माणसं घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवतात, आणि माझं बघून तीही तसाच फिरवत होती. तिला घड्याळाच्या दिशेने फिरवायला सांगितलं. पुढची पाकळी जागच्या जागी उभी राहिली. इतकी वर्षं खिळा कुठल्या दिशेला फिरतो याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं, हात आपोआप करत होता. तेव्हापासून डावखुऱ्यांना मी पहिल्या दिवशीच वेगळं बसवून दाखवते, आणि पिशवीवर दाब कधी द्यायचा, कधी सोडायचा, हे शब्दांत सांगते. ऑर्डरचे केक करताना मला याची गरज कधी पडली नसती.

राहिली स्पर्धेची भीती. "शिकवलंस की त्याच तुझी गिऱ्हाइकं पळवतील," असं मला आप्तांनी बजावलं होतं. माझ्याकडे शिकलेल्यांपैकी दोघीजणी आता खरंच ऑर्डर घेतात. दोघींनी रीतसर नोंदणी केली आहे, आणि दर ठरवताना त्यांनी माझ्यासमोर बसून तासांची बेरीज केली. शनिवारी वर्ग असला की मला ऑर्डर घेता येत नाही. त्या दिवसासाठी आलेली चौकशी मी सरळ त्यांच्याकडे पाठवते.