दाराशी उभा असलेला घोडा

अध्यक्षमहोदय, परगावाहून आलेले शास्त्रज्ञ पाहुणे आणि माझ्या केंब्रिजकर मराठी बंधुभगिनींनो,

केंब्रिज म्हटले की जग न्यूटनचे नाव घेते, आपण रँग्लर परांजप्यांचे. मला आधी आठवतो तो घोडेवाला थॉमस हॉब्सन.

हा लंडनला टपाल नेई आणि विद्यार्थ्यांना घोडे भाड्याने देई. पोरे चपळ घोडा निवडत आणि दामटून दामटून त्याचा जीव काढत. म्हणून हॉब्सनने नियम केला, दाराशी उभा असेल तोच घोडा मिळेल. कामावरून आलेला रांगेत शेवटी जाई, त्याला विसावा मिळे. त्यावरून निघालेला ‘हॉब्सन्स चॉइस’ हा वाक्प्रचार जगभर गेला, पण त्यामागची मुक्या जनावरांची कणव लोक विसरले, याचे मला वाईट वाटते. नाइन वेल्सच्या झऱ्यांचे पाणी गावात आणणाऱ्या पाटालाही त्याचेच नाव आहे. हॉब्सन १६३१ साली गेला. त्या पाटाचे ट्रंपिंग्टन स्ट्रीटच्या कडेचे पन्हाळ आजही वाहते. मुले लहान असताना आम्ही त्यात कागदी होड्या सोडल्या आहेत.

हॉब्सनच्या घोड्यांसारखाच पेशीलाही पाळीपाळीने काम आणि विसावा लागतो, असे मी आपल्या शास्त्रज्ञ पाहुण्यांकडूनच ऐकले. इथल्याच मोल्टेनो संस्थेत डेव्हिड केलिन यांनी यीस्टमधले सायटोक्रोम या श्वसन-रंगद्रव्याचे वर्णपटातले पट्टे पाहिले. हवेत हलवले की ते पुसले जात, स्वस्थ ठेवले की परत उमटत. तो शोध १९२५ साली प्रसिद्ध झाला. २०११ मध्ये जॉन ओ’नील आणि अखिलेश रेड्डी यांनी इथेच दाखवले, की केंद्रक नसलेल्या लाल रक्तपेशीतही सुमारे चोवीस तासांचे चक्र चालते. वयाबरोबर हा ताल ढिला का पडतो, हे या परिषदेचे तीन दिवस आम्ही त्यांच्याकडून ऐकणार आहोत.

आमच्या स्वागत समितीच्या व्यवस्थेत उणिवा आहेत. काहींच्या खोल्या लांब पडल्या, गाड्या लावायला जागा अपुरी आहे, आणि सभागृहाची लिफ्ट कालपासून बंद असल्याने वडीलधाऱ्यांना जिने चढावे लागले. त्यांची मी हात जोडून क्षमा मागतो. तांदूळ-डाळ पाठवणारे किराणा दुकानदार, पहाटे चारला उठून पोहे करणाऱ्या भगिनी, पाहुण्यांना घरी ठेवून घेणारी कुटुंबे आणि नाव न सांगण्याच्या अटीवर मोठी देणगी देणाऱ्या आमच्या एक ज्येष्ठ ताई, या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत.

उद्या संध्याकाळी सहा वाजता लेन्सफील्ड रोडच्या कोपऱ्यावर, हॉब्सनच्या कारंज्यापाशी जमू. मी तिथे थांबतो. सोबत छत्री असू द्या.