फासळी, कायदा आणि कोळसा



'कोरियन पद्धतीच्या भाजलेल्या फासळ्या घरी कशा कराव्यात' हा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींच्या तोंडाला पाणी सुटलं असेल आणि काहींच्या भुवया उंचावल्या असतील. दोघांचंही स्वागत. कृती मी सांगणारच आहे, मापांसकट. पण मला एक मुद्दा मांडायचा आहे आणि कृतीसुद्धा त्याच्याच आधाराने सांगायची आहे. पदार्थ कसा होणार हे स्वयंपाकघराच्या आधी बाजारात ठरतं. जनावर कोणतं मिळतं, खाटकाच्या हातात हत्यार कोणतं आहे, कायदा काय करू देतो आणि विस्तव कुठे पेटवता येतो, या चार गोष्टींनी 'गाल्बी', म्हणजे ही भाजलेली फासळी, घडवली. कोरियात, अमेरिकेत आणि आता आपल्या दिल्लीतही.

सोलच्या दक्षिणेला सुवॉन नावाचं शहर आहे. राजा जॉंगजो याने १७९४ ते १७९६ या काळात तिथे ह्वासॉंगची तटबंदी बांधून घेतली. ती आज जागतिक वारशात आहे. या शहरात गुरांचा मोठा बाजार भरू लागला. बाजार आला की खाटीक आले, खाटीक आले की खानावळी आल्या. १९४५ साली तिथे ह्वाचुनोक नावाची खानावळ सुरू झाली आणि १९५०च्या दशकात तिने मुरवून भाजलेल्या फासळ्या विकायला सुरुवात केली. बाजार शेजारीच असल्यामुळे फासळी मोठी आणि ताजी मिळे, म्हणून सुवॉनच्या फासळीला सोया सॉसऐवजी मीठच लावतात. चांगल्या मांसाला झाकायचं कशाला?

पण कोरियातही बैल सहजासहजी ताटात आला नाही. जोसॉन राजवटीत नांगराला बैल उरावेत म्हणून गुरं मारण्यावर वेळोवेळी बंदी घातली गेली. बंदी होती आणि लोक खातही होते. शेतीवर जगणाऱ्या देशांत हा पेच नवा नाही.

पुढे कोरियन माणसं लॉस एंजेलिसला जाऊन राहिली. तिथल्या खाटकाकडे विजेची करवत होती. ती फासळ्यांच्या आडवी चालते आणि सेंटिमीटरभर जाडीची लांब पट्टी निघते. पट्टीच्या एका कडेला हाडाच्या तीन-चार चकत्या राहतात. कोरियातली जुनी पद्धत वेगळी. तिथे एकच हाड घेऊन त्याला चिकटलेलं मांस सुरीने उलगडत न्यायचं. आज सोलमध्येही करवतीची पट्टी मिळते आणि तिला 'एलए गाल्बी' म्हणतात. हत्यार बदललं, पदार्थाचा आकार बदलला आणि तो बदललेला आकार मायदेशी परतला.

आता दिल्लीकडे येऊ. इथे कोरियन जेवण दोन वाटांनी आलं. एक वाट कारखान्यांची. ग्रेटर नोएडात एलजी, नोएडात सॅमसंग. सॅमसंगच्या वाढवलेल्या कारखान्याचं उद्घाटन जुलै २०१८मध्ये आपले पंतप्रधान आणि कोरियाचे राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांनी मिळून केलं. या कंपन्यांबरोबर आलेली कुटुंबं गुरुग्राम आणि नोएडात राहतात, त्यांच्यासाठी खानावळी आणि वाणसामानाची दुकानं निघाली. दुसरी वाट ईशान्य भारताची. मणिपुरात २००० साली एका बंडखोर संघटनेने हिंदी सिनेमांवर बंदी घातली आणि लोक कोरियन वाहिन्यांकडे वळले. ती आवड घेऊन मुलं शिकायला, नोकरीला दिल्लीत आली. सफदरजंगजवळच्या हुमायूंपूरच्या गल्ल्यांत आज नागांची आंबवलेली सोयाबीन आखुनी आणि किमची एकाच फळीवर दिसतात. लाजपतनगरचं कोरियन सांस्कृतिक केंद्र २०१२चं.

म्हणजे मसाला मिळतो. फासळीचं काय?

इथे कायदा नीट समजून घ्या. दिल्लीच्या १९९४च्या कायद्याने गाय, वासरू, वळू आणि बैल यांच्या कत्तलीला बंदी आहे, त्यांचं मांस जवळ बाळगणंही गुन्हा आहे. उत्तर प्रदेशाचा कायदा १९५५चा, हरियाणाचा २०१५चा. बीफची आयातही बंद आहे, तेव्हा अमेरिकेची वा कोरियाची फासळी इथे कायद्याने येतच नाही. म्हैस या बंदीत नाही. परवानाधारक दुकानात तिचं मांस मिळतं आणि दिल्लीत त्याला 'बड़े का गोश्त' म्हणतात.

हा फरक कागदावर स्पष्ट आहे, रस्त्यावर नेहमी असतोच असं नाही. ऑक्टोबर २०१५मध्ये जंतरमंतर रस्त्यावरच्या केरळ हाउसच्या उपाहारगृहात पोलीस शिरले. फळ्यावर 'बीफ' लिहिलं होतं आणि कुणीतरी तक्रार केली होती. पदार्थ म्हशीचा होता. त्याच्या महिनाभर आधी दादरीजवळच्या बिसाहडा गावात घरात गोमांस असल्याच्या संशयावरून जमावाने एका माणसाचा जीव घेतला होता. दादरी गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात आहे, मघाचे दोन्ही कोरियन कारखानेही त्याच जिल्ह्यात आहेत. तेव्हा एनसीआरमध्ये, म्हणजे राजधानीच्या परिसरात, फासळी आणताना परवान्याचं दुकान गाठा आणि पावती घ्या. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम हा तासाभराचा प्रवास आहे, पण त्यात तीन राज्यांचे कायदे लागतात.

आपल्या मुलखातही हे वाद आहेत. महाराष्ट्रात २०१५पासून बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकाची नोंद आहे, आणि त्या स्वयंपाकात मांसाच्या लांब पट्ट्या कापून, उन्हात वाळवून केलेल्या चान्या आहेत. मांस पातळ कापण्याचं कसब आपल्याला कोरियाकडून शिकावं लागलं, असं कुणी समजू नये.

म्हशीची फासळी गायीबैलापेक्षा लाल, कमी चरबीची आणि बहुधा थोराड जनावराची, म्हणून चिवट असते. ज्यांना ती नको त्यांनी बोकडाची चांप किंवा डुकराची फासळी घ्यावी. डुकराची गाल्बी ही तडजोड नव्हे, सोलचा मापो भाग तिच्यासाठीच प्रसिद्ध आहे. आणि बोकडाची फासळी विस्तवावर भाजण्यात दिल्लीला कुणी शिकवायला नको. जामा मशिदीजवळचं करीम्स १९१३पासून आहे, तिथला बर्रा कबाब हा त्याच कुळातला.

आता सुरी. आपल्या खाटकाकडे विजेची करवत बहुधा नसते, ओंडका आणि सत्तूर असतो. त्यामुळे एलएची पट्टी मागू नका, हाडाच्या चकत्या न होता चुरा होईल. जुनी कोरियन पद्धतच इथे सोयीची. एकेक फासळी सुटी करून बोटभर लांबीचे तुकडे मागा. घरी हाडाला समांतर सुरी चालवा, शेवटी मांस हाडाला धरून ठेवा, मग उलट बाजूने पुन्हा चिरत गुंडाळलेली सतरंजी उलगडावी तसं उलगडत न्या. जाडी अर्धा सेंटिमीटर. वरून सुरीने तिरप्या उथळ रेघा मारा. चिवट मांसाचा निम्मा प्रश्न इथेच सुटतो, कारण दाताला लांब धागा लागतच नाही. तुकडे अर्धा तास थंड पाण्यात ठेवा, रक्त निघून जाईल, मग कोरडे टिपा.

मसाला हाडासकट एक किलोला असा: सोया सॉस सहा मोठे चमचे, साखर तीन चमचे, किसलेली अर्धी नासपती, किसलेला अर्धा कांदा, लसणाच्या आठ पाकळ्या, थोडं आलं, मिरपूड, चिरलेली कांद्याची पात आणि भाजलेल्या तिळाचं तेल एक चमचा. आधी साखर आणि नासपती लावून थोडा वेळ ठेवावं, मग बाकीचं. सोया सॉस कोरियनच आणा, चायनीज गाडीवरचा काळा सॉस चालणार नाही. तेलाचंही तसंच. आपलं घाण्याचं तेल कच्च्या तिळाचं असतं, इथे खमंग भाजलेल्या तिळाचं हवं.

नासपतीबद्दल दिल्लीकर नशीबवान आहेत. कोरियन नासपती आणि पंजाबातली पत्थरनाख ही एकाच जातीची झाडं. पावसाळ्यात पत्थरनाख बाजारात येते. करकरीत, रसाळ, स्वस्त. तिच्यातले विकर मांसातली प्रथिनं हळूहळू सैल करतात, त्यामुळे मांस रात्रभर फ्रिजमध्ये मुरलं तरी बिघडत नाही. म्हशीच्या मांसाला कच्च्या पपईचं अर्धा चहाचा चमचा वाटण आणखी लावा, पण ते भाजण्याआधी तासभरच. पपई जोरकस असते, रात्रभर ठेवलं तर मांसाचा लगदा होतो. उत्तरेतले कबाबवाले हे पिढ्यानपिढ्या जाणतात.

राहिला विस्तव. गाल्बीला कोळसा उत्तम, यात वाद नाही. पण दिल्लीच्या थंडीत हवा बिघडली की 'ग्रॅप' या प्रदूषण-नियंत्रण योजनेचे टप्पे लागू होतात आणि हॉटेलांच्या तंदुरात कोळसा-लाकूड जाळायलाही मनाई होते. ज्या हवेत शेजारच्या आजोबांना श्वास लागतो तिच्यात आपण गॅलरीत धूर करू नये. आणि बंद खोलीत अंगीठी तर कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि दर हिवाळ्यात त्याने माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. म्हणून बिडाचा तवा. तो कडक तापू द्या, तुकड्यांवरचा मसाला निथळून घ्या, कारण ओलं मांस भाजत नाही, शिजतं. एका वेळी चार-पाचच तुकडे, प्रत्येक बाजूला दोन मिनिटं. साखर करपते, म्हणून प्रत्येक घाण्यानंतर तवा पुसा. डुकराचं मांस आत गुलाबी ठेवू नका. उरलेला मसाला चटणीसारखा वाढायचा असेल तर उकळून घ्या.

खाताना कात्रीने तुकडे करून लेट्यूसच्या पानात भात, लसूण आणि सोयाबीनची आंबवलेली चटणी घालून गुंडाळतात. कोरियात पेरिलाचं पानही घेतात. ते परकं वाटेल, पण उत्तराखंडात हीच वनस्पती भंगजीरा म्हणून लावतात आणि मणिपुरात तिच्या बियांना थोइडिंग म्हणतात. बी कुंडीत टाकलं की पानं घरची.

आता हिशेब मांडू. फासळी उत्तर प्रदेशातल्या म्हशीची, नासपती पंजाबची, पान पहाडाचं, कापणी जुन्या कोरियाची, तवा आपला. याला अस्सल म्हणावं का? माझं उत्तर आहे, निःसंकोच म्हणावं. सुवॉनने गुरांच्या बाजाराला धरून आपली गाल्बी केली, लॉस एंजेलिसने करवतीला धरून. दिल्लीने तिच्या कायद्याला आणि तिच्या हवेला धरून करावी. जो स्वयंपाकी अमेरिकेच्या फासळीची वाट बघत बसेल तो उपाशी राहील. जो खाटकाशी बोलेल, पावती खिशात ठेवेल आणि सुरीला धार लावेल, तो जेवेल. आता आपले प्रश्न घेतो.